होलोग्राफी, दूरदर्शन आणि परवडणे

बी. ए. द्वितीय वर्ष (भूगोल)

'होलोग्राम' हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. लग्नाच्या मांडवात पंख्याच्या पात्यांवरील दिव्यांनी हवेत गणपती उमटला की तो होलोग्राम. सभेच्या व्यासपीठावर पुढारी स्वतः न येता उभा दिसला की तोही होलोग्राम. आणि कीटकनाशकाच्या बाटलीवर किंवा जुन्या मतदार ओळखपत्रावर जी सप्तरंगी चकाकणारी टिकली असते, तीही होलोग्रामच. गंमत अशी की या तिन्हींत शास्त्रदृष्ट्या खरा होलोग्राम फक्त ती टिकली आहे, आणि नेमके तिच्याकडेच कोणी वळून पाहत नाही.

होलोग्राफीवर चालणारा दूरदर्शन संच घरोघर येणार, माणूस बैठकीच्या खोलीत प्रत्यक्ष उभा असल्यासारखा दिसणार, अशा बातम्या बरीच वर्षे छापून येत आहेत. असा संच होऊ शकतो का, आणि झाला तर कोणाला परवडेल, हे तपासून पाहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचाच. त्यामुळे मला जेवढे नीट समजले तेवढेच येथे मांडते.

आरंभी होलोग्राम म्हणजे काय ते पाहू. प्रकाश हा तरंग आहे. कोणत्याही तरंगाविषयी दोन गोष्टी सांगाव्या लागतात : तो किती उंच आहे आणि त्याचे शिखर या क्षणी नेमके कोठे आहे. पहिल्या गोष्टीवरून उजेड किती हे ठरते. दुसरीला पदार्थविज्ञानाच्या मराठी पुस्तकांत 'कला' म्हणतात, चंद्राच्या कला म्हणतो त्याच अर्थाने. कॅमेरा फक्त उजेड टिपतो, कला टिपत नाही. म्हणून छायाचित्र सपाट असते. (विज्ञानवाल्यांनाही शेवटी कलेवाचून चालत नाही, हे आमच्या शाखेच्या मित्रांनी लक्षात ठेवावे.)

ही कला टिपायची कशी? दुपारच्या निवांत वेळी विहिरीच्या स्थिर पाण्यात थोड्या अंतरावर दोन खडे टाकून पाहावेत. दोन्हींची वलये पसरत येतात आणि एकमेकांना छेदतात. जेथे शिखरावर शिखर येते तेथे पाणी जास्त उसळते, जेथे शिखर आणि खळगा एकत्र येतात तेथे ते जागच्या जागी राहते. पाण्यावर एक जाळी तयार होते, आणि त्या जाळीवरून खडे कोठे पडले होते हे मागे जाऊन काढता येते. होलोग्राम म्हणजे प्रकाशाची अशीच जाळी. लेसरच्या किरणाचे दोन भाग करतात. एक भाग वस्तूवर आपटून येतो, दुसरा सरळ येतो, आणि दोघांच्या भेटीतून झालेली जाळी फिल्मवर उतरवतात. पुढे त्या फिल्मवर पुन्हा तसाच प्रकाश टाकला की वस्तूकडून निघालेले तरंग जसेच्या तसे परत निर्माण होतात. डोळ्याला वस्तू मूळच्या जागी आहे असेच वाटते. मान हलवली तर तिची बाजूही दिसते. विशेष म्हणजे अशा फिल्मचा तुकडा तोडला तरी त्या तुकड्यातून संपूर्ण वस्तू दिसते. चित्र थोडे अस्पष्ट होते आणि खिडकी लहान झाल्यासारखे वाटते, इतकेच. ग्रीक भाषेत 'होलोस' म्हणजे संपूर्ण, त्यावरून हे नाव पडले.

ही कल्पना डेनिस गॅबर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाला १९४७ साली इंग्लंडमधील रग्बी या गावी सुचली. तेव्हा तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत होता. दूरदर्शनचा विचारही त्याच्या मनात नव्हता. त्या कल्पनेला लागणारा एकजिनसी प्रकाश तेव्हा कोणाजवळच नव्हता. १९६० साली लेसर निघाला आणि मग दोन-चार वर्षांतच अमेरिकेत लीथ व उपाटनिक्स यांनी आणि रशियात डेनिस्युक यांनी खरे होलोग्राम करून दाखवले. गॅबरला १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विषयावरील 'ऑप्टिकल होलोग्राफी' हा जगभर वापरला जाणारा ग्रंथ पी. हरिहरन या मूळ भारतीय शास्त्रज्ञाचा आहे, हेही येथे नोंदवावेसे वाटते.

आता बाटलीवरच्या टिकलीकडे येऊ. ती इतकी स्वस्त कशी? कारण ती छापली जाते. प्रकाशाची जाळी एकदा धातूच्या पत्र्यावर उठवून घेतली की तो पत्रा ठशासारखा वापरून प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लाखो ठसे उमटवता येतात. १९८३ साली मास्टरकार्डाने आपल्या कार्डांवर अशी टिकली लावली आणि होलोग्राम जगाच्या खिशात गेला. मग प्रश्न पडतो, टिकली जर पैशांत मिळते तर होलोग्राफीचा दूरदर्शन संच का मिळू नये? टिकलीतील चित्र स्थिर असते, दूरदर्शनचे चित्र हलते, हे याचे उत्तर. ठसा एकदाच कोरावा लागतो. हलत्या चित्रासाठी मात्र सेकंदाला तीस वेळा नवा ठसा कोरावा लागेल.

त्याचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. प्रकाशाची जाळी अत्यंत बारीक असते. लाल लेसरची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. चित्राकडे चारी बाजूंनी नीट पाहता यावे असे वाटत असेल तर पडद्यावरील ठिपके साधारण अर्ध्या मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोन हजार, असावे लागतात. पडदा अगदी लहान धरू, ५० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच. आडवे ठिपके १० लाख, उभे ६ लाख. गुणाकार केला तर ६० हजार कोटी. आपण आज ज्याला एचडी म्हणतो त्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ भरली. म्हणजे जिल्ह्यातील प्रत्येकाच्या हाती एकेक दिवा दिला तर एचडीचे एक चित्र होऊन पाच लाख माणसे उरतील. होलोग्राफीच्या त्या लहानशा पडद्यासाठी मात्र साऱ्या पृथ्वीवरील माणसे सत्तर-पंचाहत्तर वेळा बोलवावी लागतील. शिवाय त्या प्रत्येकाने सेकंदातून तीसदा दिवा कमी-जास्त करायचा. खर्च येथे आहे. काच, पेटी, तारा यांचा खर्च त्यामानाने किरकोळ.

मग शास्त्रज्ञांनी काय केले? काटकसर केली. अमेरिकेतील स्टीफन बेंटन याने १९६८-६९ च्या सुमारास एक साधी गोष्ट ओळखली. आपले दोन डोळे शेजारी-शेजारी आहेत, एकावर एक नाहीत. म्हणून डावी-उजवी खोली दाखवली की माणसाचे समाधान होते. वरून-खालून पाहण्याची सोय काढून टाकली तरी फारसे बिघडत नाही. या एका सवलतीने माझ्या हिशेबातील उभ्या ६ लाखांऐवजी ६०० ओळी पुरतात आणि ६० हजार कोटींचे ६० कोटी होतात. याच बेंटनच्या प्रयोगशाळेत, मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेत, १९८९ साली हलता होलोग्राम प्रथम दिसला. २०१३ साली त्याच संस्थेतील डॅनियल स्मॉली व मायकेल बोव्ह यांच्या गटाने लिथियम नायोबेटच्या लहानशा काचपट्टीसारख्या चकतीवर रंगीत होलोग्राम सेकंदाला तीस चित्रे या गतीने दाखवला. ती चकती संस्थेतच बनवायला सुमारे १० डॉलर लागले होते. चकती म्हणजे संपूर्ण संच नव्हे, हे खरे. लेसर, आरसे, गणित करणारा संगणक हे सारे वेगळेच. तथापि सर्वांत अवघड भाग दहा डॉलरमध्ये होतो हे दिसणे मोठी गोष्ट होती.

येथे थोडे सभेतल्या 'होलोग्राम'विषयी बोलले पाहिजे. २०१२ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत श्री. नरेंद्र मोदी यांची भाषणे एकाच वेळी अनेक गावांच्या व्यासपीठांवर अशी दाखवली गेली. २३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस यांची २८ फूट उंचीची प्रकाशमूर्ती उभी राहिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथे ग्रॅनाइटचा पुतळा आला. या दोन्ही ठिकाणी पारदर्शक पडदा आणि प्रखर प्रक्षेपक यांचे काम होते, लेसरच्या जाळीचे नव्हे. सभेतली युक्ती तर फारच जुनी. १८६२ साली लंडनच्या रंगभूमीवर तिरप्या काचेत प्रतिबिंब पाडून भूत दाखवले गेले, आणि प्रोफेसर पेपर याच्या नावावरून तिला 'पेपरचे भूत' म्हणू लागले. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसणाऱ्या प्रत्येकाने हे भूत पाहिलेले आहे. आतला दिवा चालू असतो, बाहेर काळोख असतो, आणि आपलाच चेहरा ज्वारीच्या रानात हवेत तरंगत असतो. त्याला तिकिटाखेरीज वेगळा खर्च नाही. युक्ती म्हणून ती उत्तमच आहे. फक्त तिला होलोग्राफी म्हणून विकू नये.

खरी जाळी महाग, आणि भूत खोटे. या दोहोंच्या मधली वाट शोधणाऱ्यांत एक नाव आपल्या महाराष्ट्राचे आहे, म्हणून त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. रमेश रासकर हे मूळचे नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, पुढे अमेरिकेत संशोधन करून एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. त्यांच्या गटाने असा प्रश्न घेतला की चष्म्याशिवाय खोली दाखवणारा पडदा बाजारात मिळणाऱ्या साध्या एलसीडी काचांतूनच करता येईल का?

त्यांची रीत समजायला मराठवाड्याच्या माणसाला अडचण पडू नये. तुराट्यांचा किंवा पळाट्यांचा कूड आपण पाहिलेला आहे. कुडाच्या फटीतून उजवा डोळा लावला तर अंगणातली शेळी दिसते, डावा लावला तर तीच फट तुळस दाखवते. पडद्यापुढे असाच बारीक कूड उभा केला तर प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र देता येते आणि मेंदू त्या दोहोंतून खोली तयार करतो. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. तिच्यातला दोष उघड आहे : कूड उजेड अडवतो, आणि चित्र अंधारते. रासकरांच्या गटाने २०१० मध्ये कुडाच्या जागी दुसरी एलसीडी काच ठेवली आणि चित्रागणिक फटींचा आकार व जागा बदलत ठेवली. जेथे जशी गरज, तेथे तशी फट. त्यामुळे उजेड वाचला. परंतु ही रीत सर्व कोनांतून नीट चालवायची तर सेकंदाला सुमारे हजार चित्रे बदलणारा पडदा हवा होता. २०१२ मध्ये गॉर्डन वेट्झस्टाईन, डग्लस लॅनमन, मॅथ्यू हर्श व रासकर यांनी एकामागे एक तीन काचा लावून आणि बाकीचा भार गणितावर टाकून ही गरज ३६० वर आणली. त्या सुमारास २४० चे संच दुकानांत आलेलेच होते. म्हणजे अंतर प्रयोगशाळा आणि दुकान यांच्यातले राहिले. आकाश-पातळाचे राहिले नाही.

मला या कामातली वृत्ती अधिक आवडली. हातात आहे त्या स्वस्त वस्तूत गणित घालून महाग वस्तूचे काम काढायचे, ही आपल्याकडच्या गृहिणीचीच रीत आहे. आणि त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. डोळ्याला वेगळे किरण देणारा हा पडदा उलटा वापरला तर तो डोळाच तपासू शकतो, हे याच गटाने ओळखले. २०१० साली 'नेत्रा' नावाचे एक-दोन डॉलरचे प्लॅस्टिकचे जोडयंत्र त्यांनी मोबाईलच्या पडद्यावर बसवले. आतल्या दोन रेघा दिसायला एकावर एक येईपर्यंत बटणे दाबायची. किती वेळा दाबली त्यावरून चष्म्याचा नंबर निघतो. त्रिमिती करमणुकीच्या शोधात निघालेली वाट चष्म्याच्या नंबरापाशी पोचली. आमच्या गावात चाळिशी ओलांडलेली किती माणसे सुईत दोरा ओवायला नातवंडांना हाका मारतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या वाटेची किंमत कळेल.

आता 'परवडणे' या शब्दाविषयी. तो शब्द कोण उच्चारतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. २०१० च्या आसपास चष्मा लावून पाहायचे त्रिमिती संच मोठ्या कंपन्यांनी धूमधडाक्याने आणले आणि २०१७ पर्यंत जवळजवळ सर्वांनी ते बंद केले. ज्यांना परवडत होते त्यांनाही नको झाले. आणि आमच्या घरी? माझे आईवडील कोयत्यावर जातात. दसरा-दिवाळी झाली की उचल घेऊन टोळी कारखान्याकडे निघते आणि उन्हाळा लागल्यावर परतते. पूर्वी मी व भाऊ हंगामी वसतिगृहात राहत होतो, नंतर आजीजवळ. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. ज्या घरी खर्च टनांत मोजला जातो, म्हणजे अमुक वस्तूला किती टन ऊस तोडावा लागेल असा, तेथे स्वस्त संच म्हणजे काय याची व्याख्या जाहिरातीत सापडत नाही. फडातून आईचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा आजी फोन हातात घेऊन त्याच्या मागची बाजू पाहते. तिला मागे काय आहे ते पाहायचे असते. तिच्या या कृतीला आम्ही हसत असू. होलोग्राफीविषयी वाचल्यानंतर मात्र माझे हसू थांबले. पंचाहत्तर वर्षे शास्त्रज्ञ जे मागत आहेत, तेच ती मागते आहे.

परवडण्याचा दुसरा एक अर्थ आपल्याच देशाने एकदा करून दाखवला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात 'साईट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरदर्शन पोचवले गेले. त्यात महाराष्ट्र नव्हता. परंतु आपल्या शेजारचा, १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात असलेला गुलबर्गा जिल्हा होता. या प्रयोगाची धुरा सांभाळणारे एकनाथ चिटणीस हे मूळ कोल्हापूरचे. खेड्यातला संच घराघरात नव्हता, गावाला मिळून एक होता. शाळेत किंवा पंचायतीत ठेवलेला. सकाळी दीड तास मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. उपग्रहाकडून लहरी घेणारी दहा फुटांची थाळी चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची बनवलेली होती. मुंबई केंद्र सुरू होऊन (२ ऑक्टोबर १९७२) जेमतेम तीन वर्षे झालेली, आणि इकडे विजेचीही खात्री नसलेल्या गावात उपग्रहाचे चित्र उतरत होते. त्या कार्यक्रमांनी खेडी किती बदलली यावर वाद घालता येईल. पण किमतीला गावाने भागणे आणि थाळीला खुराड्याची जाळी लावणे, या दोन गोष्टी वादापलीकडच्या आहेत.

म्हणून मला वाटते, खोली दाखवणारा महाग संच उद्या निघालाच तर त्याची पहिली जागा बैठकीची खोली नसावी. मालिकेतल्या सासूसुनांना खोलीची गरज नाही. जेथे खोलीवाचून अडते तेथे तो हवा : शस्त्रक्रिया शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे, आणि (हा माझा स्वार्थ समजावा) भूगोलाच्या वर्गात. समोच्चरेषांचा नकाशा पहिल्यांदा हाती येतो तेव्हा त्या रेघांतून डोंगर उभा करणे किती कठीण जाते, हे आमच्या वर्गातील कोणीही सांगेल. बालाघाटची रांग आपण रोज डोळ्यांनी पाहतो, पण तिच्या दक्षिणेला मांजरा आणि उत्तरेला सिंदफणा का वळल्या हे कागदावर दिसत नाही.

या कामासाठी मात्र होलोग्राफीची वाट पाहण्याची गरज नाही. इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ साली मांडलेले तत्त्व, दोन डोळ्यांना दोन चित्रे, आपल्या प्रात्यक्षिकाच्या कपाटात स्टिरिओस्कोपच्या रूपाने आहेच. आणि ५ मे २००५ रोजी इस्रोने सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर तेच तत्त्व बसवलेले होते. त्यावर दोन कॅमेरे होते, एक पुढे २६ अंश झुकलेला, दुसरा मागे ५ अंश झुकलेला. एकाच डोंगराची दोन कोनांतून घेतलेली चित्रे ताडून त्यावरून देशभराच्या उंचीचे आकडे काढले गेले आणि ते इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावरून विनामूल्य घेता येतात. त्या आकड्यांवरून संगणकावर बालाघाटच्या दोन प्रती कराव्यात, उंचीनुसार किंचित सरकवून, एक लाल व एक निळसर हिरवी, आणि एकावर एक छापाव्यात. चष्मा पुठ्ठ्याचा. काचांच्या जागी स्टेशनरीच्या दुकानात पताकांसाठी मिळतो तो जिलेटीन कागद, एक लाल आणि एक निळा. लाल डाव्या डोळ्यावर ठेवावा. उलटा धरला तर डोंगराच्या जागी दरी दिसते आणि मांजरा डोंगरमाथ्यावरून वाहू लागते.